बर्ट पॉवरचं झाकण

सरकारी माणसानं कुणालाही काही लेखी देऊ नये, हा आमच्या मोजणी ऑफिसातला पहिला धडा. तो मी सतरा वर्षं नव्या पोरांना शिकवला आणि आयुष्यात एकदाच मोडला, तोही एका झाकणासाठी. त्या झाकणापायी माझ्या दारात पोलीस आले, आखाडा बाळापूरचा एक अनोळखी इसम माझ्या पलंगावर मांडी घालून चहा पिऊन गेला आणि अख्ख्या गल्लीला मी रॉकेलचा साठेबाज वाटलो. सगळं क्रमानं सांगतो. मोजणीच्या माणसाला क्रम लागतो. हद्द कुठून धरली ते आधी सांगितलं की पुढची भांडणं कमी होतात.

हद्द धरायची ती आमच्या बैठकीतल्या शोकेसपासून. भिंतीत बसवलेलं, सरकत्या काचांचं, पाच कप्प्यांचं. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि आमच्या घराला प्लास्टर होऊन एक. त्या शोकेसमध्ये माझा रॉक अँड रोलचा संग्रह होता. हसू नका. 'टिन बकेट फाइव्ह' नावाच्या इंग्लंडातल्या बँडचं एक पोस्टर, त्यांच्याच अकरा कॅसेटी, टाचणी तुटलेला बिल्ला, ड्रम वाजवायच्या काडीचा अर्धा तुकडा, मी कधीच न पाहिलेल्या कार्यक्रमाचं फाटकं तिकीट, आणि मधल्या कप्प्यात भिंतीला टेकवून ठेवलेला संग्रहाचा राजा, म्हणजे खुद्द बर्ट पॉवरची झांज. बर्ट पॉवर हा त्या बँडचा ड्रमवाला. ड्रमशेजारी लोखंडी दांड्यावर परातीएवढी थाळी अडकवलेली असते, जिच्यावर काडी मारली की आवाज लांबवर जातो, ती ही. मध्यभागी भोक, आणि काठाशी बर्टनं स्वतः खिळ्यानं कोरलेलं त्याचं नाव, इंग्रजीत. प्रत्येक वस्तूखाली मी चिठ्ठी लावली होती. नग क्रमांक, वर्णन, कुठून आली.

आता एवढ्या मोठ्या हिंगोलीत या संग्रहाची कदर करणारा एक माणूस होता, आणि तो मी. माझ्या बायकोनं, मिनानं, लग्नानंतर चौदा वर्षं त्यावरची धूळ पुसली. पण तिच्या थोरल्या भावानं, गुलाबसिंगनं, तिला एकतीस नगांचा काचेचा डिनर सेट दिला आणि तिथून वाकडं आलं. तो सेट दोन वर्षं खोक्यात, पलंगाखाली. पाहुणे आले की मिना खोकं ओढून त्यांना सेट दाखवायची आणि पुन्हा आत ढकलायची. दिवाळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा एका सकाळी ती शोकेससमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "ज्या वस्तूला किंमत न्हाई ती इथं राहणार न्हाई. तुमच्या सामानाची किंमत करून आणा, अहो. दिवाळीपर्यंत. न्हाई झाली तर भंगारवाल्याला बोलावते."

मी म्हणालो, कलेची किंमत करता येत नाही. ती म्हणाली, मग भंगारवाला करंल.

मिना ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. ती शांत बोलते तेव्हा निकाल लागलेला असतो. पंधरा वर्षं रात्री शॉर्टवेव्हचा काटा फिरवून, परदेशात पत्रं लिहून, पाकिटावरची तिकिटं पगारातून काढून जमवलेला संग्रह पोत्यात जाणार, या विचारानं मला त्या दिवशी ऑफिसात दोन शेतांच्या मधला बांध दिसेना.

किंमत करायची तर झांजेची करायची, बाकी सगळं तिच्या आधारानं तरेल, असा माझा हिशोब होता. पण झांजेच्या किमतीला एक जुनी कीड लागली होती आणि ती फक्त मलाच ठाऊक होती. ही झांज मला शहाण्णव साली रेडिओवरच्या एका श्रोत्यांच्या स्पर्धेत बक्षीस मिळाली. पार्सल मुंबईत येऊन अडकलं. जकातीचं पत्र आलं की वस्तूची किंमत कळवा, म्हणजे कर बसवता येईल. कर या शब्दानं माझी अक्कल गेली. मी हिंगोलीच्या तहसिलीसमोर बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडून स्टँप पेपरवर एक प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. त्यात काय लिहिलं ते पुढं येईलच. पार्सल फुकट सुटलं, मी पेढे वाटले आणि त्या कागदाची नक्कल ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या कोटाखाली दडवून ठेवली.

शेजारी सोनाजीकाका राहतात. एस.टी.तून रिटायर झालेले, आणि तेव्हापासून पूर्ण वेळ सल्ला देतात. त्यांना मी सांगितलं की काका, माझ्याकडं रॉक अँड रोलचा मोठा साठा आहे, त्याची किंमत काढायची आहे. काकांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि मी नेमका त्याच बाजूला उभा होतो. काका इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "देविदास, बोलू नको कुणाला. आमाला पाच लिटर ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दारात सहा बायका कॅन घेऊन उभ्या होत्या. त्या महिन्यात रेशनचं रॉकेल आलं नव्हतं. मी पोटतिडकीनं सांगत होतो की बायांनो, रॉकेल न्हाई, रॉक, रॉक. मागून एक म्हातारी म्हणाली की तेच द्या, पण भाव बराबर लावा. शेवटी मिनानं त्यांना आत नेऊन शोकेस दाखवलं. त्यांनी पोस्टरमधल्या पाच केसाळ माणसांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मिनाच्या पाठीवरून हात फिरवून निघून गेल्या. सरकारी नोकरीत अपमान गिळायची सवय होते, पण त्या पाठीवरच्या हाताचं मला अजून विसरता येत नाही.

सोनाजीकाका मात्र खचले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की धातूची वस्तू आहे तर धातूवाल्याला दाखवा, घरात बसून किंमत होते होय? म्हणून मी झांज टॉवेलात गुंडाळून बाजारात दस्तगीरभाईंच्या दुकानात नेली. दस्तगीरभाई जुनी भांडी घेतात, कल्हई करतात आणि नव्या भांड्यांवर नावं टाकून देतात. आमच्या भागात लग्नाचं भांडं त्यांच्या छिन्नीखालून गेल्याशिवाय संसारात येत नाही. टिंबाटिंबांनी काढलेलं त्यांचं अक्षर छापल्यासारखं असतं, आणि कडेला बारीक 'दस्तगीर, हिंगोली' हे आलंच.

त्यांनी झांज बोटावर तोलली, नखानं टिचकी मारली, कान लावला. म्हणाले की पितळ न्हाई, कांसं हाय, तेबी अव्वल. माझी छाती फुगली. मग त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, काठ न्याहाळला आणि झांज माझ्यापासून थोडी दूर सरकवली.

"साब, माल चांगला हाय," ते म्हणाले, "पर नाव तुमचं न्हाई."

मी हसून म्हणालो की भाई, त्या नावामुळंच तर तिला किंमत आहे. दस्तगीरभाईंचा चेहरा पडला. पन्नास वर्षं भांड्यांवर नावं टाकणाऱ्या माणसाला मी सांगत होतो की दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं जास्त मोलाचं असतं. आमच्याकडं भांड्यावर नाव टाकतात ते एवढ्याचसाठी, की पंगतीत, शेजारणीकडं, नदीवर गेलेलं भांडं आपल्याच घरी परत यावं. ज्याचं नाव त्याचं भांडं. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं घरात सापडलं तर एक तर ते परत करायचं राहिलंय, नाही तर तुम्ही चोर आहात. आणि नेमकं त्याच महिन्यात कुठल्याशा गावात देवळातली पंगतीची भांडी चोरीला गेली होती. ठाण्यातून सगळ्या भांडेवाल्यांना ताकीद होती की परक्या नावाचं भांडं आलं तर कळवा. दस्तगीरभाईंनी मला चहा पाजला, त्यांचा भाचा मुबश्शीर हैदराबादला जुन्या तबकड्यांचं नि असल्या चिजांचं दुकान चालवतो, तो पुढच्या रविवारी येणार आहे, तो बराबर किंमत करील असंही सांगितलं. आणि मी निघालो तेव्हा हात जोडून म्हणाले, "साब, नाराज होऊ नका. ठाण्यात मात्र सांगावं लागतंय."

संध्याकाळी जळबा जमादार आले. भला माणूस. वर्षापूर्वी त्यांच्या प्लॉटच्या मोजणीसाठी मी त्यांना सहा चकरा मारायला लावल्या होत्या, कारण त्यांचे जुने नकाशे परभणीहून यायचे होते. दर चकरेला मी एकच वाक्य म्हणत असे, "कागद आणा." ते वाक्य जमादारांच्या लक्षात होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

त्यांनी झांज दिव्याखाली धरली आणि एकेक अक्षर लावून वाचलं. "बरट... पवार. म्हंजे भरत पवार."

मी सांगितलं की साहेब, बर्ट पॉवर, इंग्लंडचा ड्रमवाला. जमादार म्हणाले की इंग्रजीत पवारचं स्पेलिंग लोक कसंबी लिहितात, माझ्या साडूनं तर एकदा 'पॉवर' लिहिलं होतं. मग त्यांनी वहीत टिपलं की परात एक, भोकासह, मालक भरत पवार, आणि मला विचारलं की ही तुमच्याकडं आल्याचा कागद? मी म्हणालो, शोधतो. जमादार समाधानानं हसले आणि म्हणाले, "शोधा. कागद आणा."

आता पवार आडनावाची माणसं आमच्या जिल्ह्यात किती आणि त्यातले भरत किती, हे जनगणनेवाल्यांनाही सांगता येणार नाही. जमादारांनी बहुधा पहिला सापडला तो धरला. तीन दिवसांनी ते आखाडा बाळापूरहून आलेल्या जीपमधून एका पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थाला उतरवून घेऊन आले. गृहस्थ अतिशय सभ्य. त्यांनी मिनाला नमस्कार केला, पलंगावर मांडी घातली, झांज मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी कुरवाळली.

"माझीच हाय," भरत पवार म्हणाले. "बहिणीच्या लग्नात हरपली होती. आठ वर्षं झाली."

मी म्हणालो, हिला भोक आहे. ते म्हणाले की तवा नव्हतं, तुमी पाडलं असंल. मी विचारलं, तुमच्या परातीवर नाव इंग्रजीत काहून असंल? ते म्हणाले की मेव्हणा मुंबईला असतो, त्यानं टाकून आणली होती. त्या माणसाकडं प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. सोनाजीकाका खिडकीतून ऐकत होते, ते तिथूनच म्हणाले की देविदास, देऊन टाक बाबा, कुणाच्या बहिणीचं भांडं ठेवू नये. मिना चहाचे कप घेऊन आली होती आणि माझ्याकडं अशी बघत होती, की हा माणूस खरंच कुठल्या लग्नातून परात उचलून आणील का, याचा ती मनातल्या मनात अंदाज घेत असावी.

बर्ट पॉवरची झांज आखाडा बाळापूरला कणीक मळायला जाणार हे उघड दिसत होतं. नाइलाजानं मी ट्रंक उघडली. बेत असा होता की प्रतिज्ञापत्राचा वरचा अर्धा भाग, जिथं इंग्लंड देश असं लिहिलंय, तेवढाच घडी घालून जमादारांना दाखवायचा. पण पोलीस खात्यात अर्धा कागद वाचायची पद्धत नाही. त्यांनी घडी उलगडली, घसा साफ केला आणि पंचनामा वाचावा तसं एका दमात, मोठ्यानं वाचलं:

"मी, देविदास पेमा राठोड, वय चौतीस, धंदा नोकरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, इंग्लंड देशातून माझे नावे आलेली वस्तू हे एक जुने, वापरलेले, मध्यभागी भोक पडलेले पितळी झाकण असून ते कोणत्याही भांड्यावर बसत नाही, त्यास बाजारात किंमत शून्य असून त्याचा मला वा माझे कुटुंबास काडीचाही उपयोग नाही."

भरत पवारांनी झांज मांडीवरून उचलून खाली ठेवली.

"झाकण व्हय?" ते म्हणाले. "मग माझं न्हाई. माझी परात होती." त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि गेले. जमादारांनी वहीत परात खोडून झाकण केलं, किंमत शून्य लिहिली, आणि शून्य किमतीची चोरी होत नाही म्हणून प्रकरण तिथंच मिटलं. मी चोर नाही हे सिद्ध झालं. मूर्ख आहे हेही त्याच कागदानं सिद्ध झालं.

मिनानं तो कागद जमादारांच्या हातातून घेतला, घडी केली आणि आपल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी कागद परत मागितला. ती म्हणाली, राहू द्या, कामी येईल. मग म्हणाली की भंगारवाला सोमवारी येतो. मी खूप विनवण्या केल्या, हैदराबादचा माणूस रविवारी येणार आहे, तो तज्ज्ञ आहे, त्याचं तरी ऐक. तिनं रविवारची संध्याकाळ दिली.

या सगळ्यात एक माणूस मी हिशोबात धरला नव्हता. माझी याडी. आम्ही तांड्याचे लोक आईला याडी म्हणतो. ती रूपाबाई, गोरेगावजवळच्या लिंबाच्या तांड्यावर राहते. लेकाच्या घरी पोलीस आले ही बातमी जीपवाल्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी पोचवली. शुक्रवारी ती डोक्यावर गाठोडं घेऊन दारात हजर. तिनं सगळी हकीकत मिनाकडून ऐकून घेतली. मग झांज हातात घेऊन, जुन्या सवयीनं मुठीवर तोलून तिनं लाकडी पळीनं एक ठोका दिला. आमच्या तांड्यावर भजनाला नगाऱ्याबरोबर कांशाची थाळी वाजते, लहानपणापासून माझ्या कानात तीच आहे, आणि रॉक अँड रोलचं वेड मला कुठून लागलं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर तेच आहे. याडी डोळे मिटून तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिली. म्हणाली की अशी थाळी तर आपल्या तांड्यातही न्हाई.

मला बरं वाटलं. घरात एक तरी रसिक आहे म्हणून मी शनिवारी निर्धास्त ऑफिसला गेलो. तीच माझी चूक.

संध्याकाळी आलो तर मधला कप्पा रिकामा. मिनाला विचारलं, ती म्हणाली याडीनं नेलंय, कुठं ते सांगितलं न्हाई. दिवेलागणीला याडी पदराखाली काहीतरी घेऊन आली. चेहरा असा उजळलेला, जसा माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा झाला होता. तिनं पदर बाजूला केला. चिंचेनं घासून झांज सोन्यासारखी झगझगत होती. जिथं बर्ट पॉवर होता तिथं कानशीनं घासून सपाट केलं होतं आणि वर टिंबाटिंबांनी, छापल्यासारख्या अक्षरात:

देविदास पेमा राठोड, मु. लिंबाचा तांडा, पो. गोरेगाव, सन २००१.

आणि कडेला बारीक, दस्तगीर, हिंगोली.

"आता कोण पवार येतो ते बघते," याडी म्हणाली. "दुसऱ्याचं नाव घरात ठिवलं म्हणून पोलीस आले, लेकरा. बापाचंबी नाव टाकाय लावलं. तुझा बाप गेला तवापून त्याचं नाव कशावरच न्हवतं."

मला रडू फुटलं. खरंच फुटलं. पंधरा वर्षांच्या संग्रहातलं एकमेव खरं मोल कानशीखाली गेलं होतं आणि ते माझ्या आईनं मायेनं घालवलं होतं. याडीला वाटलं, लेकराला आनंद झाला. तिनं माझे डोळे पुसले आणि सांगितलं की दस्तगीरनं एक पैसा घेतला न्हाई. ते खरं होतं. ठाण्यात कळवल्याचं दस्तगीरभाईंना वाईट वाटत होतं आणि भाच्यासमोर साफ माल जावा अशी त्यांची इच्छा होती.

रविवारी मुबश्शीर आला. हैदराबादचा जीन पँटवाला तरुण माणूस, खिशात भिंग. मिना, याडी, सोनाजीकाका आणि स्वतः दस्तगीरभाई असे सगळे रांगेत बसले, जणू मुलीला बघायला आलेत. त्यानं पोस्टर पाहिलं, कॅसेटी उलटसुलट केल्या, बिल्ला भिंगाखाली धरला. दर वस्तूला तो 'अच्छा' म्हणायचा आणि दर 'अच्छा'ला माझा एकेक कप्पा कमी व्हायचा. मग त्यानं झांज घेतली, टिचकी मारली आणि ताठ बसला. म्हणाला की ये तो असली चीज है, कुणाची आहे? मी सांगितलं. त्यानं काठावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मामांकडं पाहिलं. दस्तगीरभाई अभिमानानं म्हणाले, अक्षर मेरा है.

मुबश्शीरनं कपाळाला हात लावला आणि मग त्याला जे हसू आलं ते आवरेना. पाणी पिऊन तो सांगायला लागला की एका कार्यक्रमात चार-चार बँड वाजवतात, सामान सगळं एका खोलीत पडलेलं असतं, झांजा एकमेकांत मिसळतात. म्हणून ड्रमवाले खिळ्यानं आपलं नाव कोरून ठेवतात. चाहत्यांना सही द्यायची ती पेनानं देतात. कोरलेलं नाव हे फक्त एवढ्यासाठी, की ज्याची त्याला परत मिळावी. मी दस्तगीरभाईंकडं बघितलं नाही. पाच वर्षं मी ज्याला सही म्हणून पूजत होतो ते पंगतीतल्या परातीवरचंच नाव होतं. अख्खी हिंगोली बरोबर होती आणि एकटा मी चुकलो होतो.

किंमत विचारायची हिंमत मला नव्हती, ती सोनाजीकाकांनी विचारली. मुबश्शीर म्हणाला, "आधीचं नाव असतं तर माझ्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवली असती. आता कांशाचा भाव, वजनावर."

पाहुणे गेल्यावर मी कामाला लागलो. पलंगाखालचं डिनर सेटचं खोकं ओढलं, त्यातल्या बशा एकेक बाहेर काढून ठेवल्या आणि रिकाम्या खोक्यात माझा संग्रह भरायला लागलो. शब्द दिला होता, पाळायचा होता. चिठ्ठ्याही काढल्या. शेवटी झांज उचलली तर मिनानं ती माझ्या हातातून घेतली. उजेडाकडं तोंड करून तिनं सगळं नाव वाचलं, फक्त सासऱ्याच्या नावावर ओठ मिटले. मग ती मधल्या कप्प्यात जिथं होती तिथं ठेवून दिली.

मी म्हणालो, तिला किंमत न्हाई.

"नाव टाकलेलं भांडं कुणी मोडीत देतं काय?" मिना म्हणाली. "मामंजींचं नाव हाय त्याच्यावर. सोमवारी भंगारवाल्याला बाकीचं देते, हे न्हाई."

आता मी मोजणी ऑफिसातला माणूस. कायद्यात फट दिसली की माझे डोळे चमकतात. सोमवारी भंगारवाला यायच्या आत मी बिल्ला, काडीचा तुकडा आणि अकरा कॅसेटी पिशवीत घालून दस्तगीरभाईंच्या दुकानात पोचलो. बिल्ल्यावर 'दे. पे. रा.' एवढंच मावलं. काडीवर त्यांनी तापल्या सुईनं नाव डागलं. कॅसेटींना ते आधी तयार नव्हते, पण मी त्यांना मुबश्शीरच्या हसण्याची आठवण करून दिली. पोस्टर आणि तिकिटावर छिन्नी चालेना, तिथं मी ऑफिसचा गोल शिक्का मारला, ही एक चूक कबूल करतो. मिना दारात पोतं घेऊन उभी होती. मी एकेक वस्तू दाखवली. ती बराच वेळ वाचत राहिली आणि मग तिनं पोतं घडी करून ठेवलं. डिनर सेट तिनंही नेला होता दस्तगीरभाईंकडं, पण ते म्हणाले की बेटी, काचेवर नाव टाकाय गेलो तर एकतीसचे बासष्ट होतील. सेट खोक्यात, खोकं पलंगाखाली. कायदा तिनंच केला होता.

पण मिना हरणारी नव्हे. संक्रांतीच्या सुमारास मी एकदा झांज पुसायला घेतली तर माझ्या नावाखाली एक नवी ओळ: सौ. मिना देविदास राठोड. मी विचारलं, हे कधी झालं? ती म्हणाली, फेरफार झाला. तुमीच म्हणता ना, नाव लागलं की हक्क लागतो.

त्यानंतर झांज दर होळीला याडीबरोबर तांड्यावर जाते, नगाऱ्यापुढं वाजते आणि नाव असल्यानं बरोबर परत येते. असं सुखानं चाललेलं असताना, दोन हजार चार साली, मुबश्शीरचं पत्र आलं. त्यानं ही सगळी हकीकत आपल्या एका परदेशी गिऱ्हाइकाला हसत हसत सांगितली होती. त्या गिऱ्हाइकाचं म्हणणं पडलं की ड्रमवाल्यांची नावं कोरलेल्या झांजा जगात ढिगानं मिळतात, पण आईनं नाव घासून तांड्याचा पत्ता टाकलेली झांज एकच आहे, आणि त्याला तीच हवी. खाली आकडा होता. आकडा वाचून मी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि पत्र घेऊन स्वयंपाकघरात धावलो. पंधरा अधिक तीन, अठरा वर्षांनी माझ्या संग्रहाची किंमत झाली होती आणि ती मला मिनाच्या तोंडावर, माफ करा, मिनाच्या हातात ठेवायची होती.

मिनानं पत्र वाचलं, हात पुसले, लोखंडी कपाट उघडलं आणि एक पिवळा पडलेला स्टँप पेपर काढून माझ्यासमोर धरला.

"बिचारा फसून राहिला," ती म्हणाली. "तुमी सरकारला लिहून दिलंय, किंमत शून्य. अन् पोटहिश्शाला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात म्हणता ना? माझी सही न्हाई."

मी म्हणालो, अगं, तूच म्हणत होतीस किंमत करून आणा. ती म्हणाली, व्हय, आणलीत ना. बघितली. आता ठेवा ती जागेवर, होळी जवळ आलीय.

मुबश्शीरला मी लेखी काही कळवलं नाही, शहाणा झालो होतो. चौकातल्या एस.टी.डी.वरून फोन केला आणि सौदा होत नाही म्हणून सांगितलं. एवढी मोठी रक्कम, तो बिचारा चक्रावला. पुन्हा पुन्हा विचारत राहिला की देविदाससाब, वजह क्या है?

मी म्हणालो, कागद अपुरे आहेत.